फॉर्म नव्या डेटाबेसमध्ये आले, पण चालत नाहीत: तपास कुठून सुरू करायचा?

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थान समितीच्या कार्यालयातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. महाजनांची (देवस्थानच्या वंशपरंपरागत सभासदांची) नोंद आणि अभिषेक-लघुरुद्राच्या पावत्या अनेक वर्षे अ‍ॅक्सेस २००३ मध्ये (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रणालीत) ठेवल्या जात आहेत. आता विंडोज ११ आणि नवे ऑफिस असलेला संगणक आला. त्यावर कोरा डेटाबेस तयार करून जुन्या फाइलमधली टेबले (नोंदींचे तक्ते), क्वेरी (त्यांतून हव्या त्या नोंदी काढणारे प्रश्न) आणि फॉर्म (नोंदी भरायचे-पाहायचे पडदे) इंपोर्ट केले. मॉड्यूल म्हणजे काय ते न कळल्यामुळे ती सोडली. इंपोर्ट बिनतक्रार झाले. पण पावतीचा फॉर्म उघडला की पांढरा फटक दिसतो. महाजनांच्या फॉर्मवर निम्म्या चौकटींत '#नेम?' येते. 'छापा' बटण दाबले तर काहीच होत नाही. मराठी मथळ्यांच्या जागी इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. सगळे फॉर्म पुन्हा नव्याने करावे लागतील का?

नव्याने काहीही करावे लागणार नाही. तुमचे फॉर्म बहुतेक धडधाकट आहेत. फॉर्म म्हणजे कळशीसारखी सुटी वस्तू नव्हे, की उचलली आणि दुसऱ्या घरात नेऊन ठेवली. त्याच्यामागे क्वेरी असते, क्वेरीमागे टेबल असते. बटणामागचा कोड कुठल्या तरी मॉड्यूलमधल्या, म्हणजे कोड साठवलेल्या पानावरच्या, फंक्शनवर (ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यावर) विसंबलेला असतो, आणि ते फंक्शन विंडोजमधल्या एखाद्या लायब्ररीवर (तयार कोडच्या फाइलीवर). इंपोर्ट करताना अ‍ॅक्सेस तुम्ही निवडलेली वस्तू तेवढी आणते. मागची साखळी पुरी आहे का, हे ती तपासत नाही, म्हणून इंपोर्ट बिनतक्रार झाले. साखळी कुठे तुटली ते शोधायचे आहे, आणि ते ठरावीक क्रमानेच शोधायचे. हा क्रम मोडून माणसे आधी फॉर्म डिझाइनमध्ये उघडतात, चौकटी पुसून नव्या टाकतात आणि चालत असलेली गोष्टही बिघडवतात. तसे कृपया करू नका.

त्याआधी एक मूलभूत प्रश्न. इंपोर्ट करायची गरज होती का? जुनी फाइल सुस्थितीत असेल तर ती नव्या अ‍ॅक्सेसमध्ये उघडून 'सेव्ह अ‍ॅज' मधून .एसीसीडीबी करणे हा जास्त सरळ मार्ग आहे. फाइलचा हा साचा २००७ च्या अ‍ॅक्सेसपासून आला. असे केले की मॉड्यूल, स्टार्टअपची मांडणी, लायब्ररींचे संदर्भ हे सगळे एकत्र येते. फाइल बिघडली असेल, किंवा दोन फाइलींची एक करायची असेल, तर इंपोर्टची वाट धरायची. जुन्या फाइलवर वापरकर्त्यांच्या नावा-पासवर्डांची जुनी सुरक्षा, म्हणजे .एमडीडब्ल्यू फाइलवाली, असेल तर मात्र ती नव्या साच्यात राहत नाही. आणि फाइल अ‍ॅक्सेस ९७ ची असेल तर २०१३ पासूनची अ‍ॅक्सेस ती उघडतच नाही. ती आधी २००३, २००७ किंवा २०१० मध्ये उघडून पुढच्या साच्यात न्यावी लागते. जुन्या फाइलीचे शेपूट .एमडीई असेल तर फॉर्म आणि कोड तिच्यातून बाहेर येणारच नाहीत. मूळ .एमडीबी ज्याने करून दिली त्याच्याकडून मागून घ्यावी लागेल, दुसरा इलाज नाही.

आता तुमच्या फाइलकडे येऊ.

पहिली तपासणी विश्वासाची. अनोळखी फोल्डरमधल्या फाइलीतला कोड अ‍ॅक्सेस चालू देत नाही. वरच्या बाजूला पिवळी पट्टी येते, 'एनेबल कंटेंट' असे बटण दिसते, आणि घाईत ती पट्टी बंद केली जाते. मग बटण दाबले तरी काहीच होत नाही, एररसुद्धा येत नाही. 'छापा' बटणाचे लक्षण नेमके हेच आहे. फाइल ईमेलने किंवा इंटरनेटवरून उतरवून घेतलेली असेल तर पट्टी लाल येते आणि तिच्यावर परवानगीचे बटणच नसते. अशा वेळी फाइलवर उजवी क्लिक करून 'प्रॉपर्टीज' मध्ये 'अनब्लॉक' वर खूण करायची. कायमचा उपाय म्हणून संगणकावर एक स्वतंत्र फोल्डर करा आणि 'फाइल', 'ऑप्शन्स', 'ट्रस्ट सेंटर' या वाटेने जाऊन 'ट्रस्टेड लोकेशन्स' मध्ये तो जोडा. डाउनलोड्सचा किंवा डेस्कटॉपचा फोल्डर जोडू नका, कारण तिथे काय काय येऊन पडते याला धरबंध नसतो.

दुसरी तपासणी मॉड्यूलची, आणि माझ्या मते तुमचा निम्मा आजार इथेच आहे. पावतीवर 'अक्षरी रुपये' ही ओळ असणार. अंकांतली रक्कम मराठी शब्दांत लिहिणारे फंक्शन अ‍ॅक्सेसमध्ये तयार नसते, ज्याने ही प्रणाली केली त्याने ते मॉड्यूलमध्ये लिहिले असणार. मॉड्यूल आले नाही, म्हणजे त्या नावाचे कुणीच घरात नाही. फॉर्मवरच्या चौकटीत याला '#नेम?' म्हणतात आणि क्वेरीत 'अनडिफाइन्ड फंक्शन'. महाजनांच्या फॉर्मवरही वय काढणारे किंवा पूर्ण नाव जोडणारे असेच एखादे फंक्शन असेल. 'एक्स्टर्नल डेटा' मधून पुन्हा जुनी फाइल निवडा, 'मॉड्यूल्स' च्या पानावर 'सिलेक्ट ऑल' करा, 'मॅक्रोज' च्या पानावरही करा आणि आणा. टेबले आणि फॉर्म पुन्हा निवडू नका. त्याच नावाची वस्तू आधी असली तर अ‍ॅक्सेस तिच्यावर लिहीत नाही, नव्या वस्तूच्या नावापुढे १ लावते. मग पावतीचे दोन फॉर्म होतात, बटण जुनाच उघडते, तुम्ही दुरुस्ती नव्यात करत बसता आणि काहीच का सुधारत नाही हे कळत नाही. असे जोडनावाचे फॉर्म आधीच झाले असतील तर कुठला ठेवायचा ते ठरवून दुसरा काढून टाका आणि मगच पुढे जा.

तिसरी तपासणी संदर्भांची, म्हणजे कोड कोणकोणत्या लायब्ररी वापरतो त्या यादीची. ती सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. ऑल्ट आणि एफ-११ दाबले की कोडची खिडकी उघडते. तिथे 'टूल्स' मध्ये 'रेफरन्सेस' आहे. इंपोर्ट करताना ही यादी येत नाही. नव्या डेटाबेसला त्याची स्वतःची मूळ यादी असते. म्हणून जुन्या संगणकावर जुनी फाइल उघडून तिथली यादी कागदावर उतरवून घ्या किंवा मोबाइलवर फोटो काढा, आणि नव्या यादीशी ताडून पाहा. फाइल 'सेव्ह अ‍ॅज' ने आणली असेल तर एखाद्या ओळीपुढे 'मिसिंग' असा शब्द दिसू शकतो. या एका शब्दाने माणसाची किती दिशाभूल होते ते मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. हरवलेली लायब्ररी असते एक्सेलची किंवा जुन्या कॅलेंडरची, आणि बंद पडतात 'डेट', 'लेफ्ट', 'फॉरमॅट' यांसारखी साधी फंक्शने. कोड चुकतो तिसरीकडेच आणि अ‍ॅक्सेस बोट दाखवते आजच्या तारखेच्या चौकटीकडे. मग माणूस ती चौकट दुरुस्त करायला घेतो. 'मिसिंग' दिसले की त्या ओळीची खूण काढा, खरेच गरज असेल तर त्याच लायब्ररीची नवी आवृत्ती निवडा, आणि 'डीबग' मधून 'कंपाइल' करा, म्हणजे सगळा कोड तपासून घ्या.

कंपाइल करताना अ‍ॅक्सेस पहिल्या चुकीपाशी थांबते. ती दुरुस्त करून पुन्हा कंपाइल करायचे, आणि असे करत 'कंपाइल' ची ओळ फिकट होईपर्यंत जायचे. तोवर एकही फॉर्म उघडून तपासू नका. या वाटेवर तुम्हाला दोन चुका भेटण्याचा संभव मोठा आहे. पहिली 'यूझर-डिफाइन्ड टाइप नॉट डिफाइन्ड' किंवा, पुढे कोड चालवताना, 'टाइप मिसमॅच', बहुधा रेकॉर्डसेटच्या ओळीवर. 'रेकॉर्डसेट' (कोडमधला नोंदींचा संच) हे नाव डीएओ आणि एडीओ या डेटा हाताळणाऱ्या दोन्ही लायब्ररींत आहे. दोन्ही यादीत असल्या तर जी वर असेल ती धरली जाते. कोडमध्ये नुसते 'रेकॉर्डसेट' न लिहिता 'डीएओ' आणि टिंब पुढे लावून लिहिले की वाद मिटतो. दुसरी चूक ६४ बिटांची. २०१९ पासूनचे ऑफिस, वेगळे सांगितले नाही तर, ६४-बिट बसते, आणि तुमची २००३ ची प्रणाली ३२ बिटांच्या काळातली आहे. विंडोजच्या फंक्शनांना हाक मारणाऱ्या 'डिक्लेअर' च्या ओळी लाल होतात आणि 'पीटीआरसेफ' लावा असा संदेश येतो. तो शब्द लावणे सोपे, पण तेवढ्याने भागत नाही. ज्या ठिकाणी खिडकीचा हँडल किंवा स्मृतीतला पत्ता 'लाँग' म्हणून घेतला आहे तिथे 'लाँगपीटीआर' करावे लागते, नाहीतर अ‍ॅक्सेस मध्येच धाडकन बंद पडते. अशा ओळी पाच-सहाच असतील तर जाणत्याकडून दुरुस्त करून घ्या. पन्नास असतील आणि दर सोमवारी महाजन पावतीसाठी रांगेत उभे राहत असतील, तर ऑफिस काढून त्याचीच ३२-बिट आवृत्ती बसवणे हा शहाणपणाचा निर्णय आहे. पुन्हा परवाना घ्यावा लागत नाही.

फॉर्मवर तारीख निवडायचे जुने कॅलेंडर असेल तर त्याच्या जागी रिकामी चौकट दिसेल. ते कॅलेंडर अ‍ॅक्सेस २०१० पासून काढून टाकले आहे. त्याचा शोध घेऊ नका. चौकटीचे मूळ क्षेत्र तारखेच्या प्रकाराचे असले की तिच्या बाजूला कॅलेंडरचे चिन्ह आपोआप येते. जुने काढा, साधी चौकट ठेवा, आणि कोडमध्ये जुन्याचा उल्लेख असेल तेवढा बदला.

आता पांढरा फटक फॉर्म. हे लक्षण घाबरवते, कारण फॉर्म पुसला गेला असे वाटते. डिझाइनमध्ये उघडून पाहा, सगळ्या चौकटी जागच्या जागी असतील. दाखवायला एकही नोंद नाही आणि नवी नोंद घालायची परवानगीही नाही, अशा वेळी अ‍ॅक्सेस फॉर्मचा मधला भाग कोराच दाखवते. म्हणजे फॉर्मच्या 'रेकॉर्ड सोर्स' मध्ये जी क्वेरी आहे ती रिकामी आहे. ती क्वेरी एकटी उघडा. रिकामी दिसली तर तिच्यातली टेबले एकेक करून उघडा. इंपोर्टच्या 'ऑप्शन्स' मध्ये 'डेफिनिशन ओन्ली' ही निवड असते, ती झाली असेल तर टेबलांचे नुसते सांगाडे आले असतील. सगळी टेबले भरलेली असून पूजाप्रकारांसारखे एखादेच छोटे टेबल रिकामे असेल, तरीही जोडणी दोन्हीकडच्या जुळणाऱ्या नोंदींचीच असल्यामुळे पूर्ण क्वेरी रिकामी येते. जुनी फाइल दोन भागांत असेल, म्हणजे फॉर्म एका फाइलीत आणि टेबले दुसरीत, तर तुमच्याकडे टेबले आली नाहीत, त्यांचे दुवे आले. दुव्यात जुन्या संगणकाचा पत्ता असतो. 'लिंक्ड टेबल मॅनेजर' मध्ये नवा पत्ता द्या. आणि क्वेरी उघडताना 'एंटर पॅरामीटर व्हॅल्यू' विचारत असेल, तर ती दुसऱ्या एखाद्या फॉर्मवरून वर्ष किंवा महिना घेत असणार. तो फॉर्म आधी उघडा ठेवावा लागतो. उघडा असूनही विचारत असेल तर नावातला फरक शोधा. विचारलेले नाव अक्षर न् अक्षर वाचा, उत्तर त्यातच असते.

महाजनांच्या फॉर्ममध्ये कुटुंबीयांचा उपफॉर्म असेल तर तो वेगळा फॉर्म म्हणून आणावा लागतो. मुख्य फॉर्मसोबत तो आपोआप येत नाही. इथेही ते १ लागलेले नाव आडवे येऊ शकते, म्हणून 'सोर्स ऑब्जेक्ट' तपासा. या नोंदीबाबत एक काळजी जास्त घ्या. महाजनांचे अनुक्रमांक तुमच्या समितीच्या निवडणुकीच्या यादीत, जुन्या वह्यांत, पावत्यांवर उतरलेले असतात. टेबल इंपोर्ट केले तर ऑटोनंबर (आपोआप पडणारा अनुक्रमांक) तसाच येतो. टेबल एक्सेलमधून फिरवून आणाल आणि अ‍ॅक्सेसला नवे क्रमांक देऊ द्याल, तर बापाचा क्रमांक लेकाला जाईल आणि वंशावळीची जोडणी तुटेल. एक्सेलची वाट इथे नकोच.

मराठी मथळ्यांचे म्हणाल तर, तो बिघाड नाही. २००३ च्या काळात गोव्यातल्या बहुतेक कार्यालयांत श्री-लिपी, शिवाजी, आयएसएम असे फॉन्ट वापरून मराठी टंकले जाई. त्यांत संगणकाच्या दृष्टीने अक्षरे इंग्रजीच असतात, फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो. नव्या संगणकावर तो फॉन्ट नाही, म्हणून मूळ अक्षरे उघडी पडली. जुन्या संगणकावरून तो फॉन्ट आणून बसवला की मथळे आणि नावे पूर्ववत दिसतील. पुढे हे सगळे युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या वाचल्या जाणाऱ्या अक्षरसंकेतात, न्यावेच लागेल, नाहीतर मोबाइलवर, ईमेलमध्ये आणि शोधताना दर वेळी अडेल. पण ते काम आता, याच वेळी करू नका. स्थलांतर आणि लिपीबदल एकत्र केले, तर एखादे आडनाव चुकले की ते कुठल्या टप्प्यावर चुकले हे सापडत नाही. आधी प्रणाली चालू द्या.

युनिकोडकडे जाल तेव्हा दोन गोष्टी ध्यानात ठेवा. फॉर्मवरचे मथळे आणि टेबलांतली नावे देवनागरी युनिकोडमध्ये छान चालतात, पण कोडच्या खिडकीला युनिकोड कळत नाही. तिथे लिहिलेला मराठी संदेश प्रश्नचिन्हांची माळ होतो. संदेश एका टेबलात ठेवा आणि छोट्या फॉर्मवर दाखवा. आणि फॉर्मचे नाव कधीही देवनागरीत ठेवू नका. कोड असलेल्या फॉर्मचे नाव कोडच्या प्रकल्पातही जाते, तिथे ते मावत नाही, आणि मग कुठलेही बटण दाबले की 'ओएलई सर्व्हर' शी बोलता आले नाही असा, वरकरणी असंबद्ध संदेश येतो. मायबोलीच्या प्रेमाने ठेवलेल्या नावापायी एका शाळेचे निकालपत्रकाचे फॉर्म असे अडकले होते. नावे रोमन केली आणि सगळे सुरळीत झाले. प्रेम मथळ्यावर दाखवायला जागा आहे.

तारखेबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण मी सांगणार आहे, कारण ही चूक एरर देत नाही. जुन्या संगणकावर विंडोजची प्रांतीय मांडणी अमेरिकी असेल, म्हणजे आधी महिना, मग दिवस. नव्यावर भारतीय असेल. कोडमध्ये तारीख जशीच्या तशी जोडून क्वेरी बनवली असेल, तर अ‍ॅक्सेस ती अमेरिकी पद्धतीनेच वाचते. २०२४ ची चवथ (गणेश चतुर्थी) ७ सप्टेंबरला होती. त्या दिवसाच्या पावत्या मागाल तर तुम्हाला ९ जुलैच्या मिळतील. २५ तारीख मात्र बरोबर येईल, कारण पंचविसावा महिना नसतो. म्हणजे दर महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतच गोंधळ, पुढे सगळे ठीक. माणसाला वाटते पावत्या कुणी खाल्ल्या, आणि निष्पाप कारकुनावर संशय जातो. कोडमध्ये तारीख जोडताना ती वर्ष-महिना-दिवस या क्रमाने मांडून द्यायची, म्हणजे विंडोजची मांडणी कशीही असो, अर्थ एकच राहतो.

दिसण्यातले फरक किरकोळ आहेत. नव्या डेटाबेसमध्ये फॉर्म टॅबांत उघडतात, जुने फॉर्म सुट्या खिडक्यांसाठी केलेले असतात, म्हणून ते पसरलेले, ओबडधोबड दिसतात. 'ऑप्शन्स' मधल्या 'करंट डेटाबेस' मध्ये 'ओव्हरलॅपिंग विंडोज' निवडा आणि फाइल बंद करून उघडा. सुरुवातीचा फॉर्म आणि शीर्षकही तिथेच पुन्हा द्यावे लागते. इंपोर्टमध्ये ते येत नाही.

एवढे करूनही एखादाच फॉर्म उघडताना अ‍ॅक्सेस कोसळत असेल, तर तो खरोखर बिघडला आहे. आपल्याकडे जून-जुलैत लाईट जाते तेव्हा यूपीएस नसलेल्या संगणकावर असे हमखास होते. डिचोलीत ट्रकांच्या खेपांचा हिशेब ठेवणाऱ्या एका कार्यालयात, खाणी जोरात चालू होत्या त्या काळी, मी एका पावसाळ्यात असे तीन फॉर्म सोडवले. युक्ती अशी. जुन्या अ‍ॅक्सेसमध्ये फाइलची प्रत उघडून, कंट्रोल आणि जी दाबून येणाऱ्या 'इमीजिएट' खिडकीत 'सेव्हअ‍ॅजटेक्स्ट' ही आज्ञा देऊन फॉर्म साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवायचा, आणि नव्या डेटाबेसमध्ये 'लोडफ्रॉमटेक्स्ट' ने तो परत उभा करायचा. मजकुरात गेल्यामुळे आतला सडका भाग गळून पडतो. ही आज्ञा मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत मदतीत नाही, पण माझ्यासाठी ती अनेकदा कामी आली आहे. ती चालली नाही तर अ‍ॅक्सेस '/डीकंपाइल' या जोडणीने सुरू करून, शिफ्ट दाबून ठेवत फाइल उघडायची, मग 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' आणि पुन्हा कंपाइल. दोन्ही उपाय प्रतीवरच.

सगळे चालू झाले की लगेच नव्यावर पावत्या फाडायला बसू नका. मागचा एखादा पुरा महिना घ्या, जत्रेचा असेल तर उत्तम. जुन्यात आणि नव्यात त्या महिन्याच्या पावत्यांची संख्या आणि एकूण रक्कम काढून ताडा, मग पहिल्या बारा तारखांची वेगळी. प्रत्येक पूजाप्रकाराची एक पावती छापून अक्षरी रक्कम वाचा. महाजनांतली दहा घराणी वहीशी मिळवा. आकडे जुळले की ज्या दिवशी गर्दी नाही अशा सकाळी नव्यावर या. जुना संगणक मात्र वर्षभर तसाच, अ‍ॅक्सेस २००३ सकट, झाकून ठेवा. पुढच्या जत्रेच्या वेळी एखादा वर्षातून एकदाच लागणारा फॉर्म आठवेल, तेव्हा तो तिथूनच आणायचा आहे.